मांडव उतरल्यानंतर

लग्नघरचा मांडव चार-आठ दिवसांत उतरतो. बांबू, कनाती, दोर ज्याचे त्याच्याकडे परत जातात. अंगणात खड्डे तेवढे उरतात आणि पहिल्या पावसात तेही बुजतात. त्याबद्दल कोणी खेद करीत नाही, कारण मांडव असतोच मुळी उतरवण्यासाठी. परंतु एखाद्या शहराने साऱ्या जगाला निमंत्रण देऊन, राजवाड्यांसारख्या इमारती उभारून सहा महिन्यांचा मांडव घातला, तर तो उठल्यानंतर त्या इमारतींचे काय होते? आणि काय व्हावे? पहिला प्रश्न इतिहासाचा आहे, दुसरा नीतीचा. दोन्हींची उत्तरे शोधण्यासाठी आपण शिकागो शहरात जाऊ.

कोलंबसाच्या सफरीला चारशे वर्षे झाल्याच्या निमित्ताने तेथे १ मे ते ३० ऑक्टोबर १८९३ या काळात जागतिक प्रदर्शन भरले. मिशिगन सरोवराच्या काठी, जॅक्सन पार्कच्या वाळवट, दलदलीच्या जमिनीवर डॅनियल बर्नहॅम या वास्तुविशारदाच्या देखरेखीखाली भव्य प्रासाद उभे राहिले. घुमट, कमानी, स्तंभांच्या रांगा, पाण्यात पडलेली त्यांची प्रतिबिंबे आणि रात्री विजेच्या दिव्यांचा झगमगाट! लोकांनी त्या परिसराला ‘व्हाइट सिटी’, म्हणजे शुभ्र नगरी, असे नाव दिले. सहा महिन्यांत सुमारे पावणेतीन कोटी लोकांच्या भेटींची नोंद झाली. दुरून संगमरवरी भासणारे हे प्रासाद मात्र संगमरवरी नव्हते. लाकडाच्या व लोखंडाच्या सांगाड्यांवर तागाचे तंतू कालवलेल्या प्लास्टरचा गिलावा होता आणि त्यावर पांढरा रंग फवारलेला होता.

प्रदर्शनाचा शेवट उदास झाला. समारोपाला दोन दिवस उरले असताना, २८ ऑक्टोबर रोजी, शहराचे महापौर कार्टर हॅरिसन यांची त्यांच्या घरी हत्या झाली आणि ठरलेला सोहळा रद्द करावा लागला. त्याच वर्षी अमेरिकेवर मोठे आर्थिक संकट कोसळले होते. बँका बुडाल्या, कारखाने बंद पडले, हजारो माणसे रस्त्यावर आली. ज्या प्रासादांचे दर्शन घेण्यासाठी पन्नास सेंटचे तिकीट काढावे लागत असे, त्याच ओस प्रासादांत त्या हिवाळ्यात बेघर माणसे आसऱ्याला शिरली. जानेवारी १८९४ मध्ये आगीने काही इमारती गिळल्या. पुढे ५ जुलै रोजी, रेल्वे कामगारांचा पुलमन संप पेटलेला आणि संघराज्याचे सैन्य शहरात उतरलेले असताना, दुसरी आग लागली आणि मुख्य प्रासाद काही तासांत भस्मसात झाले.

हे वाचून एखादा नीतिवादी लगेच म्हणेल की हा गर्वाचा परिणाम होय. वरून संगमरवर आणि आतून चुना, त्याचे दुसरे काय होणार? मला हा निवाडा घाईचा वाटतो. इमारती तात्पुरत्या आहेत, हे बांधणाऱ्यांनी लपवले नव्हते. खेड्यापाड्यांतून आलेल्या असंख्य माणसांनी तेथे विजेचा लखलखाट आयुष्यात प्रथमच पाहिला. सणाचे जेवण दुसऱ्या दिवशी उरत नाही, म्हणून ते वाया गेले असे आपण म्हणत नाही. अल्पायुषी असणे हा दोष नव्हे. मग दोष असलाच तर तो कोठे शोधावा? जे नाहीसे झाले त्यापेक्षा जे उरले त्याच्याकडे पाहिले, तर काही उलगडा होतो.

त्या उद्यानात ललित कलांचा प्रासाद उरला. बाहेरून त्यालाही गिलावाच होता. परंतु आतल्या भिंती विटांच्या होत्या. याचे कारण साधे आहे. त्यात देशोदेशीची चित्रे व शिल्पे ठेवायची होती. त्यांच्या मालकांचा विश्वास बसावा, म्हणून ती इमारत आगीपासून सुरक्षित बांधणे भाग होते. शेजारच्या प्रासादांत वैभवाचे प्रदर्शन होते. येथे दुसऱ्याची ठेव सांभाळायची होती. १८९४ मध्ये तेथे संग्रहालय आले, पुढे ते दुसरीकडे गेले आणि वास्तू मोडकळीस आली. ज्युलियस रोझेनवाल्ड या उद्योगपतीने मोठी देणगी दिली, बाहेरचा गिलावा काढून चुनखडीचा दगड बसवला गेला आणि १९३३ मध्ये तेथे विज्ञान व उद्योग संग्रहालय सुरू झाले. ते आजही चालू आहे.

दुसरी इमारत उद्यानापासून दूर, शहराच्या मध्यभागी होती. प्रदर्शनाच्या अनुषंगाने भरणाऱ्या परिषदांसाठी ती बांधली गेली. सर्वधर्म परिषद तेथेच भरली. ११ सप्टेंबर १८९३ रोजी कार्डिनल जेम्स गिबन्स यांनी प्रभूची प्रार्थना म्हणून तिचा प्रारंभ केला आणि त्याच दिवशी, मे अखेरीस मुंबई बंदरातून निघालेले स्वामी विवेकानंद तेथे बोलले. ही इमारत परिषदांनंतर शिकागोच्या कलासंस्थेकडे जावी, हे बांधकामापूर्वीच ठरले होते. त्याप्रमाणे वर्षअखेरीस ती कलासंस्थेच्या ताब्यात आली. २०१० मध्ये मुंबईचे चित्रकार जितिश कल्लाट यांनी विवेकानंदांच्या त्या भाषणाचे शब्द तेथील जिन्याच्या पायऱ्यांवर दिव्यांनी उमटवले. पाहुण्यांना बोलावण्यापूर्वीच, ते गेल्यानंतर घर कोणाच्या उपयोगी पडेल याचा विचार झाला होता, म्हणून तो जिना शिल्लक राहिला.

इतर शहरांचा अनुभवही याच दिशेने बोट दाखवतो. पॅरिसमध्ये १८८९ च्या प्रदर्शनासाठी उभारलेल्या आयफेल टॉवरला वीस वर्षांचाच परवाना होता. गुस्ताव्ह आयफेल यांनी स्वस्थ न बसता हवामानाची निरीक्षणे, बिनतारी संदेशाचे प्रयोग अशी कामे त्याला मिळवून दिली आणि बिनतारी संदेशाच्या उपयुक्ततेने तो वाचला. त्याच प्रदर्शनातले प्रचंड यंत्रदालन मात्र विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाअखेर पाडण्यात आले. उपयोग आपोआप सापडत नाही. कोणीतरी तो शोधावा लागतो.

लंडनची हकिकत आणखी वेगळी आहे. १८५१ च्या प्रदर्शनाचा काचमहाल, प्रसिद्ध ‘क्रिस्टल पॅलेस’, हाइड पार्कमधून सिडनॅमला हलवला गेला, १८५४ मध्ये पुन्हा उघडला आणि ३० नोव्हेंबर १९३६ च्या रात्री जळून गेला. परंतु प्रदर्शनाला झालेल्या नफ्यातून साउथ केन्सिंग्टन येथे जमीन घेतली गेली होती. तिच्यावर संग्रहालये व विद्यालये उभी राहिली आणि त्याच निधीतून शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. ज्या दशकात काचमहाल जळाला, त्याच दशकात त्या प्रदर्शनाच्या नावाची एक शिष्यवृत्ती केंब्रिजमध्ये संशोधन करणाऱ्या मुंबईच्या होमी भाभांना मिळाली. वास्तू गेली, पण तिचे पुण्य पुढच्या पिढीच्या कामी आले.

यातून सर्व काही टिकवावे असा अर्थ मी काढीत नाही. शुभ्र नगरीचे सगळे प्रासाद उभे राहिले असते, तर त्यांची निगा राखण्यात ते शहर खचले असते. प्रश्न किती टिकले हा नाही. उभारताना मनासमोर कोण होते, हा आहे. केवळ पाहुण्यांचे डोळे समोर असले की गिलावा पुरतो. दुसऱ्याची ठेव, उद्याचा रहिवासी, अजून न जन्मलेला विद्यार्थी समोर असला, की विटा लागतात, करार लागतो, निधी लागतो. त्या हिवाळ्यात ओस प्रासादांत निजणाऱ्या बेघरांचा विचार मात्र कोणत्याही आराखड्यात नव्हता. त्यांनी जागा मागितली नाही. रिकामी दिसली म्हणून ते आत शिरले. त्या शुभ्र नगरीविषयीची माझी तक्रार असेल, तर ती एवढीच आहे.

आपल्याही घरी लग्ने होतात, गावात सुवर्णमहोत्सव होतात, व्यासपीठे व कमानी उभ्या राहतात. ते सारे बंद करावे असे कोण म्हणेल? पण खर्चाचा कागद मांडताना दुसऱ्या दिवसासाठी त्यावर एक ओळ राखून ठेवावी. मांडव उतरल्यावर कोणाच्या डोक्यावर छप्पर नाही, हे त्या ओळीत लिहावे.

शेवटी पुन्हा शिकागोला परतू. त्या प्रदर्शनात सरोवराच्या काठी स्पेनमधील ला राबिदा या फ्रान्सिस्कन मठाची प्रतिकृती होती. सफरीला निघण्यापूर्वी कोलंबसाला त्या मठात आसरा मिळाला होता, म्हणून त्याच्याशी संबंधित दुर्मीळ वस्तू व कागदपत्रे तेथे मांडली होती. प्रदर्शन संपल्यावर तिला रुग्णालयाचे काम मिळाले. १८९६ पासून आजारी बालकांना सरोवराची मोकळी हवा मिळावी म्हणून तेथे आरोग्यधाम चालू लागले. १९२२ मध्ये ती प्रतिकृतीही आगीत गेली. पण आजारी मुले होती आणि त्यांची काळजी घेणारी माणसे होती. १९३२ मध्ये त्याच काठावर नवी इमारत उभी राहिली. ला राबिदा बाल रुग्णालय आजही तेथे आहे. आश्रय देणाऱ्या मठाची ती नक्कल होती. मूळ मठाचे काम तिने उचलले आणि नक्कल जळून गेल्यावरही ते काम थांबले नाही.