दया आणि हक्क

चंदनेची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. कौशांबीच्या व्यापाऱ्याच्या घरी विकत आणलेली, पायांत बेड्या घालून कोंडलेली मुलगी. तिच्या हातून महावीरांनी आहार घेतला आणि पुढे तीच आर्यिकासंघाची प्रमुख झाली. आपण ही दयेची कथा म्हणून सांगतो. पण मैत्रिणींनो, महावीरांनी तिला काही दिलं नाही, तिच्याकडून घेतलं. तिचा मान राखला.

मला हे फार उशिरा उमजलं. आमच्याकडे अकरा वर्षं काम करणाऱ्या बाई एकदा म्हणाल्या, "बेन, रविवारची सुट्टी पाहिजे, पण पगार कापायचा नाही." मला रागच आला. दिवाळीला साडी देते, आजारपणात औषधपाणी बघते, आणखी काय करायचं?

मग विचार केला, ती साडी माझ्या मर्जीची. मन फिरलं तर बंद. जे कुणाच्या मर्जीने मिळतं, ते मर्जीने जातंही. जर्मनीत १९३५ साली कायदा करूनच ज्यूंचं नागरिकत्व काढून घेतलं. पुढे काय संहार झाला ते जगाने पाहिलं. म्हणूनच १० डिसेंबर १९४८ ला पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांनी जाहीरनामा स्वीकारला. माणसाचे हक्क सरकारने दिलेले नसतात, ते जन्माबरोबर येतात, हा त्याचा गाभा.

त्याच्या पहिल्या कलमाच्या मसुद्यात 'मेन' असा शब्द होता. त्यात बायका आल्याच, असं काहींचं म्हणणं. भारताच्या प्रतिनिधी हंसाबेन मेहतांना ते पटलं नाही. उद्या कुणी त्याचा अर्थ नुसते पुरुष असा लावला तर? त्यांच्या आग्रहाने तिथे 'ह्यूमन बीइंग्ज' आलं. आपल्या बोलीत गडीमाणूस तसं बाईमाणूस, दोन्हीकडे माणूस आहेच. या हंसाबेन पुढे आपल्या वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. तिथल्या ग्रंथालयाला त्यांचं नाव आहे. मी कितीदा त्यावरून गेले, पण त्यांनी काय केलं ते ठाऊक नव्हतं.

त्याच जाहीरनाम्याचं २४ वं कलम विश्रांतीचं आहे, पगारी सुट्टीसकट. म्हणजे आमच्या बाई माझी दया मागत नव्हत्याच.

दया वाईट असं मी म्हणत नाही. दयेवाचून धर्म कसला? पण हक्क नाकारून केलेली दया म्हणजे दुसऱ्याचंच त्याला दान करणं. पर्युषणाच्या शेवटी मी साऱ्या जिवांची क्षमा मागत होते, आणि तेव्हा ओट्यापाशी भांडी कोण घासत होतं?

आता रविवारी भांडी मी घासते. कधीकधी कुरकुरतेही. पण त्यांना परत विचारत नाही.