काशीत काय सोडायचं?

दिवाळीच्या सुट्टीत काशीला जायचं ठरलं, की घरात पहिला प्रश्न निघतो, उतरायचं कुठं? त्याच्या पाठोपाठ दुसरा, तीन दिवसांत काय काय पाहून होईल? दोन्हींची उत्तरं हल्ली फोनवर मिळतात. खोलीचे फोटो, भाडं, आधी राहून गेलेल्यांचे अभिप्राय, सगळं समोर येतं. काही वर्षांपूर्वी मीही असंच बसून ठरवलं होतं. एका खोलीच्या माहितीत लिहिलं होतं की खिडकीतून मणिकर्णिका घाट दिसतो. तेवढ्या एका ओळीवर मी ती खोली पक्की केली आणि तिच्यासाठी जास्तीचे पैसेही मोजले.

पहिल्या संध्याकाळी खिडकी उघडली. खाली चार-पाच चिता पेटलेल्या होत्या. शेजारच्या गच्चीवर माणसं फोन धरून उभी होती, माझ्याही हातात फोन होता. नुकतंच मुंडन केलेला, अंगावर न शिवलेलं पांढरं वस्त्र घेतलेला एक मुलगा अग्नी देऊन मागं सरला. विशीचाही नसेल. डोळे पुसताना त्यानं सहज वर पाहिलं. त्याला काय दिसलं असेल? खिडक्यांतून आणि गच्च्यांवरून त्याच्याकडे वळलेले फोन.

मला आमच्या गावचा नदीकाठ आठवला. वडिलांना अग्नी दिला तेव्हा माझ्या भोवती फक्त ओळखीची माणसं होती. कुणी काही बोलत नव्हतं आणि त्या न बोलण्याचा केवढा आधार वाटला होता! त्या वेळी समोरच्या काठावर अनोळखी माणसं माझे फोटो काढत उभी असती तर? मी खिडकी लावली. पुढचे तीन दिवस ती लावलेलीच राहिली. खोली देणाऱ्याला मी दोष देत नाही. जे विकत घ्यायला मी तयार होतो, तेच त्यानं विकलं.

आपल्या आजी-आजोबांच्या काळी काशीला जाणारी माणसं उतरत ती तीर्थोपाध्यायांच्या घरी किंवा धर्मशाळेत. उपाध्यायांच्या वह्यांमध्ये आधीच्या पिढ्यांतून येऊन गेलेल्यांची नावं असत. गाव आणि आडनाव सांगितलं की पणजोबांची सही निघे, आणि तिच्याखाली आपलं नाव लिहून माणूस परते. त्या मुक्कामात गैरसोय असे, कधी दक्षिणेवरून कुरबुरही होत असे. तरीही उतरलेला माणूस कुणाच्या तरी घरी उतरलेला असे. त्या घराच्या वेळा, पाणी, सोवळंओवळं सांभाळावं लागे. आपण पाहुणे आहोत, याचा विसर पडायला जागाच नव्हती.

आज काशीत उतरायला हरतऱ्हेच्या जागा आहेत. छावणी भागात मोठी हॉटेलं आहेत, घाटांवर जुन्या हवेल्यांची हॉटेलं झाली आहेत, धर्मशाळा अजून चालतात आणि गल्ल्यांमध्ये घरगुती खोल्याही मिळतात. १३ डिसेंबर २०२१ रोजी विश्वनाथ धामाचं लोकार्पण झालं, तेव्हापासून येणाऱ्यांची संख्या झपाट्यानं वाढली आहे. त्या धामासाठी तीनशेहून अधिक मालमत्ता घेऊन जागा मोकळी करण्यात आली. घाटांलगतच्या गल्ल्यांत फिरताना घरांवर अतिथिगृहांच्या पाट्या दिसत राहतात. त्या गल्ल्या दोन माणसं जेमतेम शेजारून जातील एवढ्याच रुंद आहेत. तिथं रात्री अकरा वाजता चाकांची बॅग दगडी फरशीवरून खडखडत नेली, तर किती घरं जागी होत असतील?

ही अडचण एकट्या काशीची नाही. व्हेनिसनं २०२४ मध्ये ठरावीक दिवशी केवळ दिवसभरासाठी येणाऱ्यांकडून पाच युरो घ्यायला सुरुवात केली. तिथल्या जुन्या शहरात आता पन्नास हजारांहून कमी माणसं राहतात. बार्सिलोनाच्या महापौरांनी त्याच वर्षी जाहीर केलं की पर्यटकांना भाड्यानं दिल्या जाणाऱ्या दहा हजारांहून अधिक सदनिकांचे परवाने २०२८ पर्यंत संपवायचे. रहिवाशांनाच घरं मिळेनाशी झाली, म्हणून ही वेळ आली. पाहुण्यांनी घर इतकं भरून जावं की घरच्यांनाच बाहेर पडावं लागावं, हे कुठल्याही संस्कृतीत बसत नाही.

म्हणून उतरायची जागा निवडताना भाड्याच्या आणि सोयीच्या जोडीला एवढं विचारावं, की माझ्या तिथं राहण्यानं शेजाऱ्याचं काय होणार आहे? घरधनी स्वतः जिथं राहतो, अशी घरगुती खोली मिळाली तर माझी पसंती तिला. आपले पैसे त्या घरात राहतात आणि आपल्या वागण्यावर कुणाचं तरी लक्ष राहतं. पाहुणे होऊन वागायला हे लक्ष पुरेसं असतं.

आणि पाहायचं काय? काशीला चौऱ्याऐंशी घाट आहेत, ते सगळे मोजून संपवायची घाई नको. एकनाथांनी आपलं भागवत १५७३ मध्ये याच नगरीत पूर्ण केलं. पंचगंगा घाटाकडच्या बालाजी मंदिरात उस्ताद बिस्मिल्ला खाँ रियाज करत. त्याच बाजूला दुर्गाघाट आणि ब्रह्माघाटाच्या परिसरात मराठी कुटुंबं पिढ्यान् पिढ्या नांदली. विश्वनाथाचं आजचं मंदिर अहिल्याबाईंनी १७८० मध्ये उभारलं, हे आपल्याला ठाऊक असतं. पण त्या मंदिरात जितका वेळ रांगेत उभे राहतो, तितका वेळ पंचगंगेच्या पायऱ्यांवर नुसतं बसून पाहा. पहाटे वल्ह्यांची नाव ठरवा. नावाड्याशी भाव एकदाच ठरवा, उतरताना पुन्हा घासाघीस करू नका. मणिकर्णिका जवळ आली की त्याला नाव लांबून न्यायला सांगा. मदनपुऱ्यात विणकर मागावर बसलेला दिसला, तर आधी विचारा, मगच दारात पाऊल टाका. हातमागाच्या एका साडीमागं कित्येक आठवड्यांचं काम असतं, ते चालू असताना तो आपल्यासाठी थांबावा ही अपेक्षा कशी करायची? एक दिवस दहा किलोमीटरवरच्या सारनाथसाठी ठेवा. ज्या सिंहांची मुद्रा आपण नाण्या-नोटांवर रोज पाहतो, ते अशोकाचे सिंह तिथल्या संग्रहालयात आहेत.

काही जण म्हणतील, काशी म्हणजे मृत्यूची नगरी, तो पाहायचा नाही तर जायचं कशाला? मृत्यू जरूर पाहावा. चितेसमोर हात जोडून दोन मिनिटं उभं राहावं आणि आपलाही दिवस येणार आहे, हे मनाशी धरावं. काशीनं युगानुयुगं हेच शिकवलं आहे. पण दुसऱ्याचं दुःख फोनमध्ये साठवून घरी आणलं, तर त्यातून आपण काहीच शिकलो नाही.

आपल्याकडे काशीला गेलेलं माणूस तिथं काहीतरी सोडून येत असे. माझ्या आजीनं आंबा सोडला होता. कोकणातल्या बाईनं आंबा सोडायचा! घरी परतल्यावर मावंदं झालं, गंगेचा गडू पूजला गेला, आणि पुढची वीस वर्षं भर वैशाखात तिनं फोडीला हात लावला नाही. लहानपणी मला ते विचित्र वाटे. आता वाटतं, ज्या तीर्थानं आपल्याला इतकं दिलं, तिथून केवळ घेऊनच निघायचं नाही, एवढं ती जाणत होती.

या सुट्टीत तुम्ही काशीला जा, नाहीतर दुसऱ्या कुठल्या शहरात जा. जाताना एक गोष्ट सोडायचं ठरवून जा. सगळं पाहून टाकायची हाव सोडा, रात्री उशिरा गल्लीत मोठ्यानं बोलणं सोडा, किंवा निदान खिडकीतून दिसणाऱ्या दुसऱ्याच्या चितेचा फोटो सोडा. मी तो फोटो काढला नाही. त्या मुलाचा चेहरा मात्र आजही आठवतो, आणि तो आठवतो म्हणूनच काशीला जाऊन आल्यासारखं वाटतं.