ज्याचे पेट्रोल, त्याचा रस्ता

पुणे विद्यापीठात शिकलेल्या कुणालाही जयकर ग्रंथालय ठाऊक असते. बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर विद्यापीठाचे पहिले कुलगुरू होते, हेही पुष्कळांना माहीत असते. पण पुण्याहून इंदापूरकडे गाडी हाकताना आपण याच जयकरांच्या एका कल्पनेचे देणेकरी असतो, हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. देशातल्या रस्त्यांचे काय करायचे याचा विचार करायला सरकारने 1927 साली एक समिती नेमली. जयकर तिचे अध्यक्ष होते. पुढच्या वर्षी अहवाल आला. रस्ते बांधणे आता प्रांतांच्या आणि लोकल बोर्डांच्या ऐपतीबाहेर गेले आहे, तेव्हा पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर बसवावा आणि तो पैसा रस्त्यांसाठीच बाजूला ठेवावा, असे समितीने सुचवले. 1929 मध्ये तसा निधी उभा राहिला. आज पंपावर आपण लिटरमागे जो रस्ते-उपकर देतो, त्याचा हा पणजोबा.

तोवर मोटार हौसेची वस्तू राहिली नव्हती. 1904 च्या डिसेंबरात दिल्ली ते मुंबई मोटारींची शर्यतवजा चाचणी झाली तेव्हा ती साहेबांची, संस्थानिकांची आणि मुंबईच्या धनिकांची मौज होती. पहिल्या महायुद्धानंतर लॉऱ्या आल्या, मग भाडोत्री ‘सर्व्हिस मोटारी’ धावू लागल्या, आणि रस्त्याचा प्रश्न मौजेचा न राहता व्यापाराचा झाला. अमेरिकेत चांगल्या रस्त्यांची ओरड आधी सायकलवाल्यांनी केली, शेतकरी नंतर सामील झाले. आपल्याकडे ती मुंबईच्या मोटारमालकांनी आणि पेट्रोल-टायर विकणाऱ्यांनी केली. 1919 साली स्थापन झालेली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन त्यातलीच. म्हणून मागणी चुकीची ठरत नाही. पण मागणारा कोण, यावर मिळणाऱ्या रस्त्याचा घाट ठरतो.

पुणे-सोलापूर हा रस्ता त्या काळी टपालाचा आणि लष्कराचा. पाटस, भिगवण, इंदापूर असा जाणारा, खडी-मुरुमाचा. असा रस्ता करायची रीत साधी होती. हाताने फोडलेली खडी पसरायची, तिच्यावर मुरूम टाकायचा, पाणी मारायचे आणि रोलर फिरवायचा. सगळे एकजीव धरून राही ते ओल्या मुरुमाच्या आणि दगडाच्या भुकटीच्या जोरावर. बैलगाडीची लोखंडी धाव या रस्त्याला चाकोऱ्या पाडी. पण ती सावकाश चाले आणि तिच्या भाराखाली दगडाची भुकटी होऊन तीच पुन्हा सांध्यात बसे. मोटारीचे रबरी चाक याच्या उलट वागले. वेगाने जाताना ते सांध्यांतली बारीक भुकटी ओढून काढी आणि धुरळा करून उडवून देई. भुकटी गेली की खडी सुटी, खडी सुटली की तिच्यावर धाव आदळून ती विखरून जाई. एकटी बैलगाडी किंवा एकटी मोटार असती तर रस्त्याने कसेबसे सोसले असते. दोन्ही एकत्र आल्या आणि रस्ता दोन्ही अंगांनी मेला. मोटारवाले गाडीवानाला दोष देत, गाडीवान धुरळा खात मोटारवाल्याला. मुरूम-पाण्याचे दिवस संपले होते, डांबर लागणार होते, आणि डांबराला पैसा लागतो. जयकर समितीपुढचा पेच मुळात हा होता.

खाली जमीन काळी. उन्हाळ्यात बोटभर भेगा, पावसाळ्यात फुगून लोण्यासारखी मऊ. खडीचा थर पातळ असला की काळी माती तो पहिल्या पावसाळ्यात गिळते. बारामती-इंदापूरच्या कुठल्याही जुन्या माणसाला विचारा, ‘आमच्याकडं पाऊस नाही’ म्हणून रडणारा तालुका पाऊस पडला की चिखलात कसा अडकतो ते सांगेल.

आता पैशाच्या वाटपाकडे येऊ, कारण खरी मेख तिथे आहे. निधीतला काही भाग केंद्राने राखून ठेवायचा आणि बाकीचा प्रांतांना द्यायचा, तो ज्या प्रांतात जेवढे पेट्रोल जळते त्या प्रमाणात. न्याय सरळ दिसतो: ज्याने भरले त्याला मिळाले. पण मग रस्ता मिळणार तो मोटार असणाऱ्याला. निमगाव केतकीचा किंवा लासुर्ण्याचा गाडीवान थेंबभर पेट्रोल जाळत नव्हता, म्हणून या हिशेबात तो नव्हताच. त्याच्या रस्त्याचा भार गरीब जिल्हा लोकल बोर्डावर राहिला. नंतर 1943 मध्ये नागपूरला मुख्य अभियंत्यांची परिषद भरली आणि रस्त्यांची उतरंड लागली: राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा रस्ते, गावरस्ते. गावरस्त्यालाही त्यात जागा मिळाली हे त्या योजनेचे मोठेपण. पण उतरंडीत सगळ्यात वरचे मडके आधी भरते.

मोठ्या रस्त्याच्या कडेला असणे म्हणजे भाग्य, असे आपण धरून चालतो. इंदापूर तालुक्याचा इतिहास इतका भाबडा नाही. 1858 च्या अखेरीस रेल्वे पुण्याहून याच तालुक्यातल्या डिकसळपर्यंत आली आणि 1859 च्या ऑक्टोबरात पुढे बार्शी रोडला, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीला, गेली. मधले काही महिने डिकसळ हे आगगाडीचे टोक होते. तिथून पुढचा माल बैलगाड्यांनी. रूळ भीमा ओलांडून गेले आणि डिकसळ पुन्हा डिकसळ झाले. त्या रेल्वेचा जुना दगडी पूल पुढे मोटारींना आणि ट्रॅक्टरांना करमाळ्याकडे जायला उपयोगी पडला, हा योगायोगाचा लाभ. जाणाऱ्याच्या वाटेवर राहणाऱ्याला असेच काहीतरी मागे उरलेले मिळते.

बारामती मोठ्या रस्त्यापासून आत होती. तिच्याकडे वाट वळवायला कारण लागले, आणि ते कारण पाण्याने दिले. 1876 च्या दुष्काळात सुरू झालेला नीरा डावा कालवा पुरा झाल्यावर ऊस आला, उसामागे गूळ आला, आणि 1914 साली दौंडहून बारामतीला अरुंद रुळांची आगगाडी आली. ती पार कुठेच जात नव्हती. बारामतीला येऊन थांबत होती. मला हा फरक महत्त्वाचा वाटतो. पार होणारी वाट दोन टोकांच्या मालकीची असते. येऊन थांबणारी वाट तिथल्या माणसांची असते. इंदापूरला महामार्ग आयता मिळाला, बारामतीने आपल्या वाटा ओढून आणल्या, आणि आज दोन्ही गावांकडे पाहून कोणाचे पारडे जड ते सांगायला अर्थशास्त्र्याची गरज नाही. राजकारणाचे श्रेय मी नाकारत नाही. पण राजकारणालाही उभे राहायला आधी बाजारपेठ लागते.

या हिशेबात एक विलक्षण माणूस बसतो. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यातल्या कळंबच्या माळावर शेती केली आणि 1930 च्या दशकात साखर कारखाना उभारला. ते आजचे वालचंदनगर. त्याच दशकाच्या अखेरीस ते हिंदुस्थानात मोटार बनवण्यासाठी अमेरिकेत क्रायस्लरशी बोलणी करत होते. विश्वेश्वरय्या त्या कल्पनेच्या पाठीशी होते. सरकारने साथ दिली नाही. 1944 मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्स निघाली आणि 1947 पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. ऊस आणि मोटार, दोन्ही धंदे रस्त्यावाचून अडतात, आणि दोन्ही एकाच माणसाच्या हाती होते.

इंग्रज सरकारला मात्र रस्त्यांपेक्षा रेल्वेची काळजी जास्त होती. पुणे-सोलापूरसारखे रुळांना समांतर रस्ते म्हणजे रेल्वेच्या उत्पन्नात वाटेकरी. 1933 च्या सिमला परिषदेत याच स्पर्धेची चर्चा झाली आणि 1939 च्या मोटार वाहन कायद्याने परवान्यांची कडी लावली. सर्व्हिस मोटारींचा सैलसर जमाना आवरत गेला. 1 जून 1948 ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली यष्टी धावली आणि मग खेड्यातल्या माणसाला पहिल्यांदा वेळापत्रक मिळाले.

या सगळ्या आधीपासून या मुलखात लांब पल्ल्याचा एक प्रवास चालतच होता, पायी. तुकोबांची पालखी यवत, वरवंड, उंडवडी, बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशी मुक्काम करत सराटीला येते आणि नीरा ओलांडते. काटेवाडीला पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते. मेंढ्यांचा लोंढा रथाभोवती डांबरावर पळतो, खुरांचा खडखड आवाज उठतो, धनगर काठी आडवी धरून वळण सांभाळतो आणि पाठीमागे वाहने खोळंबून राहतात. नागपूरच्या उतरंडीत अशा रस्त्याला रकाना नाही. आता पाटसपासून बारामती-इंदापूर-अकलूजमार्गे पालखी महामार्गाचे चौपदरीकरण हाती घेतले गेले. 2021 च्या नोव्हेंबरात त्याची पायाभरणी झाली तेव्हा वारकऱ्यांसाठी बाजूने वेगळी पायवाट असेल असे जाहीर झाले होते. ही कल्पना मला जयकरांच्या दोन आण्यांइतकीच मोलाची वाटते. पेट्रोल न जाळणाऱ्याचा हिशेब तीत धरलेला आहे. पण ती वाट वर्षातले काही दिवस वारकऱ्यांची. उरलेल्या दिवसांत तिथून शाळेची पोरे चालतात की तिथे उसाच्या ट्रॉल्या उभ्या राहतात, यावर तिची किंमत ठरेल.

आता शेतकरीही कर भरतो. 2000 च्या केंद्रीय रस्ते निधी कायद्यात डिझेल आले आणि डिझेलच्या उपकरातला निम्मा वाटा ग्रामीण रस्त्यांना ठेवला गेला. गावापर्यंत डांबर पोचायला तो पैसा कामी आला. भवानीनगरला किंवा माळेगावला गाळप सुरू झाले की दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर रात्रभर त्याच डांबरावरून धावतात, टपावरच्या कर्ण्यातून गाणी चालू, मागच्या ट्रॉलीला रिफ्लेक्टर असला तर असला. ऊस मात्र गावात नसतो, फडात असतो. फडापासून डांबरापर्यंतची पाणंद कुणी नांगरून खाल्लेली, कुणी बांध घालून अडवलेली. तिच्यासाठी शेतकरी इंदापूरच्या किंवा बारामतीच्या तहसील कचेरीत अर्ज करतो. अडवलेली वाट मोकळी करायची असेल तर अर्ज मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम 5 खाली. तो कायदा 1906 चा, दिल्ली-मुंबई चाचणीनंतर दोन वर्षांनी झालेला. तारीख पडते, मंडल अधिकारी स्थळपाहणीला येतात, शेजारी म्हणतो इथे वाट कधी नव्हतीच, आणि तोवर कारखान्याची तोडीची पाळी निघून जाते.