लक्ष्य आणि जीव

इंग्लंड, जर्मनी, अमेरिका इत्यादी देशांत हरणांच्या शिकारीचा हंगाम जवळ आला म्हणजे बंदुकांच्या दुकानांत एक प्रश्न हटकून विचारला जातो. ऐपत एकाच रायफलीची आहे. वर्षभर तिने निशाणबाजी करावयाची आणि हंगामात तिनेच हरीण मारावयाचे. तर ती कोणत्या कॅलिबरची घ्यावी? कॅलिबर म्हणजे नळीच्या पोकळीचा व्यास. पण बोलण्याच्या ओघात त्या शब्दाने सबंध काडतूसच, म्हणजे गोळीचे वजन, दारूचे प्रमाण आणि वेग ही सर्व अभिप्रेत असतात. हा प्रश्न दुकानदाराने सोडवावा, त्यात नीतीचा विचार कशाला, असे पुष्कळांस वाटेल. आमचे मत निराळे आहे. ज्या निवडीत चूक एकाने करावयाची आणि तिचे फळ दुसऱ्याने भोगावयाचे, ती निवड नीतिशास्त्राच्या कक्षेबाहेर ठेवताच येत नाही.

प्रथम निशाणबाजी घेऊ. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसळे यांनी २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये ज्या प्रकारात कांस्यपदक मिळविले, त्यात पन्नास मीटरांवरील कागदाचा वेध .२२ कॅलिबरच्या, म्हणजे सुमारे ५.६ मिलिमीटरच्या गोळीने घ्यावयाचा असतो. दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे! हे काडतूस १८८७ पासून चालत आलेले आहे. स्वस्त, मंद आवाजाचे, खांद्याला धक्का जवळजवळ न देणारे. अचूकपणा हाच एक निकष मानला तर याहून अधिक काय पाहिजे? तथापि, याच गोळीने हरणावर बार टाकणारा मनुष्य जाणत्या शिकाऱ्यांच्या लेखी अपराधी ठरतो. कागदाला छिद्र पाहिजे असते, तेवढे ती पाडते. हरणाला शीघ्र मृत्यू पाहिजे असतो, आणि तो देण्याचे बळ तिच्या अंगी नाही. (हरणाला वस्तुतः मृत्यूच नको असतो, त्या आक्षेपाकडे आम्ही पुढे वळू.) कागदावर नेम चुकला तर गुण आपले जातात, रानात चुकला तर पोटात गोळी घेऊन जो जीव झाडीत शिरतो, तो आपला नसतो.

म्हणूनच सुधारलेल्या राष्ट्रांनी ही निवड सर्वस्वी व्यक्तीच्या लहरीवर सोडलेली नाही. इंग्लंडातील १९९१ च्या कायद्याप्रमाणे, काही अगदी लहान जाती वगळता, हरणासाठी .२४० इंचाहून लहान कॅलिबर आणि नळीच्या तोंडाशी १,७०० फूट-पौंडांहून कमी ऊर्जा चालत नाही. जर्मनीत लहानशा रो हरणासाठी शंभर मीटरांवर १,००० ज्यूल ऊर्जा उरलेली असावी लागते. त्याहून मोठ्या हरणांसाठी २,००० ज्यूल आणि कॅलिबर किमान ६.५ मिलिमीटर.

इंग्लंडच्या कायद्यात आणखी एक कलम आहे, आणि ते आम्हांस सर्वांत विचारप्रवर्तक वाटते. हरणावर झाडावयाची गोळी मऊ अथवा पोकळ नाकाचीच, म्हणजे शरीरात शिरताच पसरणारी असली पाहिजे, असे तो कायदा सांगतो. आता याच जातीच्या गोळीचा इतिहास पाहा. कलकत्त्याजवळ डमडम येथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अशी गोळी तयार झाली आणि त्या गावाचे नाव जगभर झाले. १८९९ साली हेग येथील परिषदेत, मानवी देहात सहज पसरणाऱ्या गोळ्या युद्धात वापरू नयेत, असे जाहीर करण्यात आले. जी गोळी माणसावर झाडणे क्रौर्य, तीच हरणावर न झाडणे क्रौर्य! वरवर पाहता हा ढोंगीपणा वाटेल. पण तो तसा नाही. युद्धात शत्रू निकामी झाला की कार्यभाग उरकतो, पुढे त्याने जगावे अशीच अपेक्षा असते. घायाळ हरणाला मात्र इस्पितळ नाही. ते मरणारच असेल तर त्याच्या मरणाची लांबी, एवढीच गोष्ट मारणाऱ्याच्या हाती राहते. साधन क्रूर की दयाळू हे त्याच्या रचनेवरून ठरत नसून ज्याच्यावर ते चालते त्याच्या पुढील भवितव्यावरून ठरते, याचे इतके स्पष्ट उदाहरण नीतीच्या ग्रंथांतही विरळाच सापडेल.

मग मोठ्यात मोठे कॅलिबर घेतले म्हणजे झाले, असे कोणी म्हणेल. तेही खरे नव्हे. अमेरिकेत १९०६ पासून प्रसिद्ध असलेल्या .३०-०६ चा धक्का १९५५ च्या .२४३ च्या जवळजवळ दुप्पट असतो. धक्क्याची धास्ती घेतलेला मनुष्य चाप ओढण्यापूर्वीच डोळे मिटतो आणि खांदा आखडतो. मग गोळीतील सारे बळ भलत्या जागी जाते. याउलट बेल नावाच्या प्रसिद्ध शिकाऱ्याने आफ्रिकेत .२७५ सारख्या लहान रायफलीने शेकडो हत्ती पाडले, हे उदाहरण लहान कॅलिबरचे भक्त नेहमी पुढे करतात. पण बेल हा बेल होता! आपल्या उत्तम दिवसाकडे पाहून नव्हे, तर थंडीने बोटे आखडलेल्या, दम लागलेल्या वाईट दिवसाकडे पाहून शस्त्र निवडावे, असे आम्हांस वाटते.

२००७ साली स्पर्धांकरिता निघालेल्या ६.५ क्रीडमूर या काडतुसाने या वादात नवाच पेच उत्पन्न केला. धक्का सौम्य, अचूकपणा विलक्षण, हरणास पुरेसे बळ. एका रायफलीत दोन्ही कामे साधणारे उत्तर सापडले असे वाटावे. परंतु निशाणबाजीत जो गुण तोच येथे मोह होतो. आठशे यार्डांवरचे लक्ष्य भेदणे हे कागदापुरते कौतुकास्पद आहे. पण तितके अंतर कापावयास गोळीला एका सेकंदाहून अधिक वेळ लागतो, आणि तेवढ्यात हरीण एक पाऊल टाकते. कागद पाऊल टाकीत नाही. नेम अचूक असूनही घाव चुकीचा बसावा, हा प्रकार निशाणबाजीच्या मैदानावर शिकावयास मिळत नाही.

आता तो आक्षेप. मुळात मारावेच का? मनूने कामज व्यसनांत मृगया पहिली गणली आहे, आणि केवळ करमणुकीसाठी केलेल्या वधाचे समर्थन आम्हांस करावयाचे नाही. आपल्याकडे तर १९७२ च्या कायद्यानंतर हा प्रश्न बहुतांशी मिटलाच आहे. परंतु ब्रिटनमध्ये लांडगे शतकांपूर्वी नष्ट झाले. हरणांना आवरणारे कोणी उरले नाही आणि कोवळी झाडे ती खाऊन टाकतात. तेथे कोणीतरी बंदूक उचलणारच. अशा वेळी महाभारतातील किंदम ऋषीची तक्रार आठवते. मृगरूपात असता पंडूच्या बाणाने तो घायाळ झाला; पण राजाने मृग मारला याबद्दल त्याने दोष दिला नाही, तो ज्या क्षणी मारला त्याबद्दल दिला. वध क्षम्य मानूनही त्याची रीत अक्षम्य ठरू शकते.

तेव्हा विचारणाऱ्यास आमचे उत्तर असे की, .२४३ आणि १९५२ चे .३०८ यांत फार घोळत बसू नये. पहिले दुसऱ्याचीच मान आवळून केलेले आहे, आणि मध्यम हरणास योग्य अंतरावरून दोन्ही पुरतात. ज्याची काडतुसे वर्षभर सरावाला परवडतील आणि ज्याच्या धक्क्याने डोळे मिटणार नाहीत, ते घ्यावे. सरावही शिकारीच्याच रायफलीने, उभ्याने, गुडघ्यावर बसून, वारा असताना करावा. आणि घायाळ जनावराचे हाल टाळण्यासाठी त्यास विनाविलंब मारण्याचे कर्तव्य जर्मन कायद्याने शिकाऱ्यावर घातले आहे, हेही रायफल विकत घेण्यापूर्वी वाचून ठेवावे. कारण त्या शोधाकरिता तेथे शिकविलेला कुत्रा लागतो, आणि त्याचा खर्च रायफलीच्या किमतीत कोणी धरीत नाही.