उपद्रवाचे माप

‘उपद्रव’ हा शब्द आपण फार सहजपणे उच्चारतो. वाडीत शिरणारे रानडुक्कर, कौलांवर नाचणारी माकडे, रात्री-अपरात्री भुंकून झोप उडवणारी कुत्री या साऱ्यांना आपण याच एका शब्दात कोंबतो आणि मग त्यांचा बंदोबस्त कसा करावा, एवढाच प्रश्न शिल्लक उरतो. परंतु एखाद्या जिवाला हा शब्द लावताना आपण नेमके काय ठरवलेले असते? तो जीव वाईट आहे असे, की तो आपल्या सोयीच्या आड येतो असे? आणि या निवाड्यातून आपल्याला केवळ अधिकारच मिळतो, की काही कर्तव्यही अंगावर येते? या प्रश्नाचा विचार आम्हांला येथे एका दूरच्या उदाहरणाच्या आधारे करावयाचा आहे. स्वतःच्या अंगणातला न्याय करताना माणसाची नजर सहसा निःपक्षपाती राहत नाही. म्हणून आधी परक्याचे अंगण पाहावे आणि मग घराकडे वळावे.

अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठाने १९९४ साली वन्य प्राण्यांपासून होणारे नुकसान रोखण्याविषयी एक मोठा मार्गदर्शक ग्रंथ दोन खंडांत प्रसिद्ध केला. शेतकरी, पशुपालक आणि जमीनमालक यांच्या हाती असावा असा हा ग्रंथ. एकेका प्राण्यावर एकेक प्रकरण. त्यात प्राण्याची ओळख, त्याच्या सवयी, त्याने केलेले नुकसान, कायद्यातील त्याचे स्थान आणि शेवटी उपाय : कुंपण, धाक, सापळा, विष, बंदूक. या लांबलचक यादीत आर्माडिलो नावाच्या प्राण्यावर एक प्रकरण आहे आणि मोकाट कुत्र्यांवरही एक आहे. एक पूर्णपणे रानचा, दुसरा हजारो वर्षे माणसाच्या चुलीपाशी वाढलेला. दोघेही एकाच ग्रंथात, एकाच गुन्ह्याखाली! येथेच आमच्या विचाराला सुरुवात होते.

आर्माडिलो आपल्याकडे आढळत नाही. पाहताक्षणी कोकणातल्या खवल्या मांजराची आठवण व्हावी असे त्याचे रूप. नाते मात्र काही नाही. मांजराएवढा देह, त्यावर हाडाच्या चकत्यांचे कवच आणि पाठीच्या मध्यभागी लवणारे पट्टे. ‘चिलखतवाला छोटा’ अशा अर्थाच्या स्पॅनिश शब्दावरून त्याला नाव मिळाले. दृष्टी मंद, पण नाक तिखट. मादी एका वेळी बहुधा चार पिल्लांना जन्म देते आणि ती चारही एकाच बीजापासून झालेली, तंतोतंत सारखी असतात. दक्षिणेकडून आलेला हा प्राणी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास रिओ ग्रँड नदीपलीकडून टेक्सासमध्ये शिरला आणि तेथून पुढे पसरत गेला. फ्लॉरिडात तर माणसांनी आणलेल्या व मोकळ्या सुटलेल्या काही आर्माडिलोंपासूनच त्याची वस्ती वाढली.

त्याचा अपराध काय? रात्री किडे, अळ्या आणि मुंग्या शोधत तो जमीन उकरतो. सकाळी घरमालक पाहतो तो नीटस राखलेल्या हिरवळीवर दोन-तीन इंच खोलीचे असंख्य खड्डे. त्याची बिळे पंधरा-पंधरा फूट लांब जाऊ शकतात. ती कधी बांधाखाली असतात, कधी घराच्या पायाशी. बिळात पाय जाऊन गुराचे हाड मोडेल, ही धास्ती पशुपालकाला असते. हे नुकसान काल्पनिक नव्हे. ज्याने घाम गाळून जमीन राखली, त्याच्या रागाला हसण्याचा अधिकार शहरातल्या पंख्याखाली बसून भूतदया सांगणाऱ्याला नाही.

तथापि याच प्राण्याचा इतिहास थोडा उलगडून पाहावा. १९३० च्या सुमारास अमेरिकेत महामंदी आली, तेव्हा दक्षिणेतील गोरगरिबांनी आर्माडिलो खाऊन दिवस काढले. राष्ट्राध्यक्ष हूवर यांच्यावरील रागाने त्यांनी त्याला ‘हूवरचे डुक्कर’ असे नाव ठेवले होते. पुढे १९९५ साली टेक्सासने त्याच आर्माडिलोला राज्याचा अधिकृत लहान सस्तन प्राणी म्हणून मान दिला. म्हणजे उपाशी माणसाला तो अन्न, हिरवळ राखणाऱ्याला उपद्रव आणि विधिमंडळाला भूषण. प्राणी तोच, त्याचे उकरणेही तेच; बदलत गेले ते माणसाचे माप. उपद्रव हा प्राण्याच्या स्वभावातला दोष नसून तो प्राणी आणि आपण यांच्यामधील एका संबंधाचे नाव आहे, एवढे तरी यावरून मान्य करावे लागते.

त्याच्यावर याहून गंभीर आरोप आहे तो कुष्ठरोगाचा. दक्षिणेकडील राज्यांतील काही रुग्णांत आणि तेथील रानच्या आर्माडिलोंत कुष्ठजंतूंचा एकच प्रकार सापडल्याचे २०११ साली संशोधकांनी दाखवून दिले. सावधगिरी बाळगावी, हे योग्यच. पण हा जंतू त्या प्राण्याला मिळाला कोठून? आर्माडिलोत आढळणारा जंतू युरोपातून आलेल्या माणसांबरोबर अमेरिकेत आला, असे त्याच्या जनुकांचा अभ्यास सुचवतो. ज्या रोगासाठी आपण त्याच्याकडे बोट दाखवतो, तो रोग मुळात आपल्याकडूनच त्याच्याकडे गेला!

आणि गोष्ट येथे संपत नाही. हॅन्सन यांनी १८७३ साली कुष्ठजंतू शोधून काढला खरा, पण प्रयोगशाळेतील कोणत्याही कृत्रिम पोषकावर तो वाढेना. आर्माडिलोच्या शरीराचे तापमान मात्र इतर सस्तन प्राण्यांहून कमी असते आणि कुष्ठजंतूला थंडावा मानवतो. १९७१ साली कर्चहायमर आणि एलिनॉर स्टॉर्स यांनी आर्माडिलोत हा रोग वाढू शकतो हे सिद्ध केले आणि संशोधनाला लागणारे जंतू पहिल्यांदाच मोठ्या प्रमाणात मिळू लागले. २००१ साली कुष्ठजंतूचा संपूर्ण जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला. त्यासाठी वापरलेला जंतू तामिळनाडूतील एका रुग्णापासून घेतलेला होता आणि तो आर्माडिलोच्या शरीरात वाढवलेला होता. आपल्या देशातील एका अनाम रुग्णाचे दुखणे आणि परदेशातील एक ‘उपद्रवी’ प्राणी यांची अशी गाठ पडली.

कर्चहायमर ज्या रुग्णालयात काम करीत, ते लुइझियानातील कारव्हिल हे ठिकाणही लक्षात ठेवण्यासारखे आहे. १८९४ साली उसाच्या एका ओसाड मळ्यावर कुष्ठरुग्णांना आणून ठेवण्यात आले. १८९६ साली ‘डॉटर्स ऑफ चॅरिटी’ संस्थेच्या धर्मभगिनी तेथे सेवेला गेल्या. येथेच १९४१ साली प्रोमिन या औषधाने उपचार सुरू झाले आणि असाध्य मानलेल्या रोगावर पहिल्यांदा खरा इलाज सापडला. त्या मळ्यावर येणारी माणसे कोण होती? ज्यांचा सहवास गावाला नको होता ती. आपल्याकडेही ‘महारोगी’ या एका शब्दाने किती माणसे घरादारातून उठवली, हे जुन्या पिढीला सांगावयास नको. एकदा शब्द चिकटला, की त्यामागचा जीव दिसेनासा होतो. हा धोका प्राण्यांच्या बाबतीत आहे आणि माणसांच्या बाबतीतही आहे.

येथे एक सोपे उत्तर मोहात पाडते : आर्माडिलो उपयोगी ठरला, म्हणून तो जपावा. हे उत्तर आम्हांला पटत नाही. प्रयोगशाळेत गेलेल्या आर्माडिलोंनी तो उपयोग आपल्या प्राणांनी चुकवला, हा एक भाग झाला. परंतु त्याहूनही महत्त्वाचे हे, की जिवाची किंमत उपयोगावर ठरवू लागलो तर निरुपयोगी जिवाला उरतेच काय? हाच नियम म्हाताऱ्या बैलाला लागेल आणि उद्या अंथरुणाला खिळलेल्या माणसाकडेही वळेल. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात या विषयावर समतोल विवेचन आहे. अन्नवस्त्रासाठी प्राण्यांचा वापर त्याने निषिद्ध मानलेला नाही. माणसाच्या हालअपेष्टांकडे दुर्लक्ष करून प्राण्यांवर पैसा उधळणेही त्याला मान्य नाही. पण प्राणी केवळ आपल्या असण्यानेच निर्मात्याचा महिमा वाढवतात आणि त्यांना विनाकारण यातना देणे वा ठार करणे हे माणसाच्याच प्रतिष्ठेला बट्टा लावणारे आहे, असे तो ग्रंथ शिकवतो. उपयोगाचा हिशेब यानंतर येतो.

आता कुत्र्याकडे वळू. त्याचे प्रकरण आर्माडिलोपेक्षा अवघड आहे, कारण तो आपल्या दारी आपणहून आलेला परका नव्हे. सुमारे पंधरा हजार वर्षांपूर्वी, कदाचित त्याहूनही आधी, लांडग्याच्या वंशातून माणसाने त्याला आपलासा केला. अमेरिकेच्या ग्रामीण भागात आजही नको झालेले कुत्रे मोटारीत घालून दूरच्या निर्जन रस्त्यावर सोडून देणारे लोक आहेत. ‘शेतावर कोणीतरी सांभाळील’ अशी ते स्वतःची समजूत घालतात. त्यांतील काही कुत्री उपाशी मरतात, काही चाकाखाली जातात, तर काही टोळीने हिंडू लागतात आणि मेंढरांवर, करडांवर तुटून पडतात. कोयोट नावाचा तिकडचा रानकोल्हा सहसा खाण्यापुरते मारतो. कुत्र्यांची टोळी मात्र अनेक जनावरांना फाडून, न खाताच निघून जाते. आपल्या डोळ्यांदेखत पाळीव जनावरांवर तुटून पडलेल्या कुत्र्याला ठार करण्याची मुभा टेक्सासचा कायदा देतो. आपल्या कळपासाठी बंदूक उचलणाऱ्या मेंढपाळाला आम्ही क्रूर म्हणणार नाही. त्याच्यापुढे त्या घटकेला दुसरा मार्ग नसतो.

पण मग त्या मृत्यूचा जाब कोणी द्यावयाचा? आमच्या मते, गोळी झाडणाऱ्याच्या आधी तो मोटारीचे दार उघडणाऱ्याने द्यावयास हवा. त्याच्या हाताला रक्त लागत नाही, तो घरी जाऊन स्वस्थ झोपतो. परंतु करडाचा, कुत्र्याचा आणि मेंढपाळाच्या मनःस्तापाचा आरंभ त्याच्यापाशी आहे. विशेष म्हणजे अनेक पशुपालक त्याच कळपांच्या राखणीसाठी कुत्रेच ठेवतात. पिल्लूपणापासून मेंढरांत वाढलेला कुत्रा त्यांच्यासाठी जीव धोक्यात घालतो. एक कुत्रा राखतो, दुसरा फाडतो. दोघांमध्ये मोठा फरक आहे तो सांभाळाचा.

म्हणूनच एका ग्रंथात बसवलेल्या या दोन प्राण्यांचे ऋण आपल्यावर सारखे नाही. आर्माडिलो हा परका. त्याच्याशी आपण न्यायाने वागावे : कुंपणाने भागत असेल तर सापळा लावू नये, सापळ्याने भागत असेल तर जीव घेऊ नये, आणि आपली पीडा शेजाऱ्याच्या शेतात नेऊन सोडू नये. कुत्र्याच्या बाबतीत मात्र न्याय पुरेसा नाही. त्याला आपण परावलंबी केले, म्हणून त्याच्याशी आपले वचन गुंतलेले आहे. ते मोडल्यावर त्यालाच ‘उपद्रवी’ म्हणणे म्हणजे कर्ज बुडवून सावकारालाच चोर ठरवण्यासारखे आहे.

संत फ्रान्सिस आणि गुब्बिओचा लांडगा यांची आख्यायिका आपल्या मुलांनाही पाठ असते. लांडगा माणसाळला, एवढेच आपण तीत पाहतो. पण त्या कथेतला करार दोन्ही बाजूंचा आहे. लांडग्याने नगरवासीयांना त्रास द्यावयाचा नाही, आणि नगरवासीयांनी त्याला रोज अन्न द्यावयाचे. फ्रान्सिसने लांडग्याच्या भुकेची जबाबदारी गावावर टाकली, हा त्या कथेचा अर्धा आणि सहसा विसरला जाणारा भाग आहे.

आता घराकडे. आपल्याकडे आर्माडिलो नाही, पण मोकाट कुत्री वसईच्या वाडीपासून घाटावरच्या मळ्यापर्यंत सर्वत्र आहेत. माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी जवळजवळ सर्व रेबीज कुत्र्याच्या चाव्यातून येतो आणि लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण क्वचितच वाचतो. कुत्रा चावलेल्या बालकाच्या आईला भूतदयेचे प्रवचन ऐकवणे हा निर्दयपणाच होईल. कुत्र्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण करण्याचे नियम आपल्या देशात २००१ साली झाले, २०२३ साली ते नव्याने करण्यात आले. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील सर्व भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला. काही दिवसांतच तो बदलून, रेबीज झालेली व आक्रमक कुत्री वगळता बाकीची निर्बीजीकरणानंतर मूळ जागी सोडावीत असे ठरवले. नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालये, रेल्वे स्थानके अशा जागांपुरता पुन्हा वेगळा आदेश झाला. न्यायालयालाही इतकी वळणे घ्यावी लागावीत, इतका हा प्रश्न बिकट आहे.

तरीही काही गोष्टी न्यायालयाची वाट न पाहता प्रत्येक कुटुंबाला करता येतील. मुलांच्या हट्टाखातर पिल्लू आणण्यापूर्वी, ते दहा-बारा वर्षे आपल्या घरात राहणार आहे, हे आईवडिलांनी ध्यानात घ्यावे. आणल्यावर त्याला वेळेवर लस टोचावी. नको असलेली वीण वाढू देऊ नये आणि ती वाढल्यावर पिल्ले गोणीत भरून बाजारात किंवा खाडीकाठी सोडू नयेत. लग्नकार्याचे उष्टे उघड्यावर टाकून त्यावर जमलेल्या कुत्र्यांना दगड मारू नयेत. आणि एखाद्या जनावराचा खरोखर बंदोबस्त करण्याची वेळ आली, तर तीन प्रश्न मनाला विचारावेत : नुकसान खरे किती? त्यात आपला वाटा किती? आणि याहून कमी यातनेचा मार्ग उरला आहे काय?

या प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे दिल्यावरही कधी हात उचलावा लागेल. पण तो हात सहज उचलला जाणार नाही, आणि उचलताना आपल्याकडे किती देणे शिल्लक आहे याचे भान सुटणार नाही. आपली मुले आपल्या तोंडचे शब्द उचलतात, तशीच आपली मापेही उचलतात. ‘उपद्रव’ हा शब्द त्यांच्या हाती देताना त्याबरोबर आपल्या वाट्याचा हिशेबही त्यांना शिकवावा, एवढीच आमची विनंती.