एका तालुक्यात विजेते किती?

गोव्यात शालेय फुटबॉलचा हंगाम पावसाबरोबर येतो. क्रीडा व युवा व्यवहार खात्याचं परिपत्रक शाळेत पोचतं, क्रीडाशिक्षक मुलांचे जन्मदाखले गोळा करायला लागतात आणि पेडणे, डिचोली, सत्तरी, काणकोण अशा सगळ्या तालुक्यांत चिखलाच्या मैदानांवर तालुका पातळीचे सामने सुरू होतात. तालुक्याचा विजेता पुढे जातो, त्यातून राज्याचा विजेता ठरतो आणि तो सुब्रतो मुखर्जी चषकासाठी गोव्याबाहेर पडतो. हवाई दलाच्या पुढाकारानं १९६० साली सुरू झालेली ही स्पर्धा म्हणजे शाळकरी फुटबॉलपटूचं सर्वांत मोठं स्वप्न.

सगळ्यांचं लक्ष त्या वरच्या टोकाकडे असतं. खाली तालुक्यात काय होतं? सामने बहुधा बाद पद्धतीचे. सोळा शाळा उतरल्या असं धरलं तर सगळे मिळून पंधरा सामने होतात आणि आठ शाळा पहिल्याच सामन्यात बाहेर पडतात. त्या आठ शाळांतली शंभराहून जास्त मुलं वर्षभर ज्याची वाट पाहतात ते तासाभरात आटोपतं. त्यातही चिठ्ठीत समोर तालुक्यातली सगळ्यात तगडी शाळा आली असेल, तर त्या तासाभरात चेंडू पायाला किती वेळा लागतो हे मैदानाच्या कडेला उभं राहिलेल्या कोणालाही सांगता येईल. म्हणून मला वाटतं की तालुक्यात विजेता एकच असावा की जास्त, हा प्रश्न करंडकाच्या कपाटापुरता नाही. तो मुलांच्या वाट्याला येणाऱ्या खेळाचा आहे.

विजेता एकच, हे आपण इतकं गृहीत धरलं आहे की त्याचा उगम कुणी शोधत नाही. संघटित फुटबॉलची सर्वांत जुनी राष्ट्रीय स्पर्धा म्हणजे इंग्लंडचा एफए चषक. तिचा पहिला हंगाम १८७१-७२ चा. त्या पहिल्याच हंगामात बरोबरीत सुटलेल्या सामन्यातले दोन्ही संघ पुढच्या फेरीत घेतले गेले होते. म्हणजे बाद पद्धतीच्या जन्मदात्यांनाही दोघांपैकी एकाला काढलंच पाहिजे असं सुरुवातीला वाटत नव्हतं. पुढे पुनर्सामने रूढ झाले. ब्रिटिश पलटणींबरोबर हाच साचा हिंदुस्थानात आला. ड्युरँड चषक १८८८ चा, मुंबईचा रोव्हर्स चषक १८९१ चा. चषक एक, तो घेऊन जाणारा एक.

बरोबरी झाली तर काय करायचं, यावर मात्र जगाचं शंभर वर्षं एकमत झालं नाही. १९६८ च्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत इटली आणि सोव्हिएत संघ यांचा उपांत्य सामना गोलशून्य राहिला, तेव्हा अंतिम फेरीत कोण जाणार हे नाणेफेकीनं ठरलं. नाणं इटलीच्या बाजूनं पडलं आणि पुढे इटलीच विजेता झाला. टायब्रेकरची पेनल्टी पद्धत फुटबॉलच्या नियमांत आली ती १९७० साली. आज शाळेतल्या पोरांनाही ती निसर्गनियमासारखी वाटते, पण तिचं वय अजून साठही झालेलं नाही.

आपल्याकडे त्या काळात तिसरा मार्ग रूढ होता: संयुक्त विजेते. १९६० चा ड्युरँड चषक मोहन बागान आणि ईस्ट बंगालनं वाटून घेतला, फेडरेशन चषक १९७८ आणि १९८० मध्ये याच दोघांत वाटला गेला. आणि मग १९८२-८३ ची संतोष करंडक स्पर्धा. कोलकात्यात बंगालसमोर गोवा उभा होता. निकाल लागला नाही आणि दोघांना संयुक्त विजेते ठरवण्यात आलं. गोव्याचा तो पहिला संतोष करंडक. अर्धा म्हणून कुणी तो कमी लेखला नाही. बंगालच्या अंगणात बंगालनं आपल्याला हरवलं नाही, ही गोष्ट गोव्यातल्या एका पिढीनं अभिमानानं सांगितली आहे.

या घटनेनंतरचं वर्ष मला जास्त महत्त्वाचं वाटतं. वाटून मिळालेल्या यशानं खेळाडू सुस्तावतात, जिंकण्याची धार जाते, असा एकापेक्षा जास्त विजेत्यांवरचा मुख्य आक्षेप असतो. १९८३-८४ मध्ये मद्रासला ब्रह्मानंद शंखवाळकर यांच्या नेतृत्वाखाली गोव्यानं अंतिम सामन्यात पंजाबला १-० असं हरवलं आणि संपूर्ण स्पर्धेत एकही गोल न स्वीकारता करंडक एकट्यानं जिंकला. वाटून मिळालेला करंडक त्या संघाला पुरेसा वाटला नव्हता, आणि मिळालेल्या मानानं त्यांची छाती मात्र भरली होती. दोन्ही गोष्टी एका वेळी खऱ्या असू शकतात.

टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ च्या ऑगस्टमध्ये, कतारचा मुताझ बर्शिम आणि इटलीचा जियानमार्को तांबेरी यांनी २.३७ मीटरची उंच उडी मारून सुवर्णपदक वाटून घेतलं, तेव्हा जगभरच्या लोकांचे डोळे पाणावले. माझेही. तरीही शालेय फुटबॉलसाठी मला तो मार्ग योग्य वाटत नाही. ती दोघांची मैत्री होती, दोघांनी सारखीच उंची ओलांडली होती आणि नियमानं त्यांना निवड दिली होती. शाळेच्या मैदानावर अंतिम सामना न खेळता किंवा न संपवता करंडक वाटून टाकला, तर मुलांच्या मनात एक अपुरेपण राहतं. पाऊस थांबेना म्हणून किंवा मैदान दुसऱ्या स्पर्धेला द्यायचंय म्हणून दोघांना विजेते घोषित करणं ही सोय आहे, न्याय नव्हे.

अनेक विजेत्यांची सर्वांत वाईट रीत महाराष्ट्रानं अलीकडेच पाहिली. १९६१ पासून चालत आलेल्या महाराष्ट्र केसरी कुस्तीत २०२३ च्या नोव्हेंबरात दोन वेगळ्या संघटनांनी दोन वेगळ्या स्पर्धा भरवल्या. फुलगावला सिकंदर शेख केसरी झाला, धाराशिवला शिवराज राक्षे. दोघेही अस्सल मल्ल, दोघांनीही घाम गाळला. पण गदा दोन का, याचं उत्तर आखाड्यात नव्हतं, ते संघटनांच्या भांडणात होतं. मोठ्यांना एका मांडवाखाली येता आलं नाही, त्याची किंमत पैलवानांनी मोजली. शालेय खेळात हे कधीही येऊ नये.

मग एकाहून जास्त विजेते असावेत, असं मी कशाच्या आधारावर म्हणतो? पेडण्याच्या आणि डिचोलीच्या आधारावर.

गोव्यात फुटबॉल आला तो १८८३ मध्ये, रेव्हरंड विल्यम लायन्स या धर्मगुरूंबरोबर, शिवोलीत. शिवोली शापोरा नदीच्या अलीकडे, बार्देशात. पलीकडे चोपडे, म्हणजे पेडणे तालुका. होडीनं काही मिनिटांचं अंतर, पण खेळाला ते ओलांडायला फार काळ लागला. बार्देश, तिसवाडी, सासष्टी या जुन्या काबिजाती, म्हणजे पोर्तुगिजांनी आधी जिंकलेला मुलूख. तिथे मिशनरी शाळा होत्या, चर्चपुढचं मैदान होतं, फेस्ताला होणारे गावागावांचे सामने होते. पेडणे आणि डिचोली अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगिजांकडे गेलेल्या नव्या काबिजाती. इथल्या गावांचा जीव भजनात, नाटकात, दशावतारात आणि मराठी शाळेत. इथे गावोगाव शाळा उघडल्या त्या मुक्तीनंतर, १९६३ साली पहिले मुख्यमंत्री झालेल्या दयानंद ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात. भाऊसाहेब स्वतः पेडण्यात जन्मलेले आणि खेळांवर जीव असलेले. त्यांच्या नावाच्या सुवर्णचषकानं पुढे परदेशी संघ गोव्यात आणले. पण ज्या शाळा त्यांच्या सरकारनं उघडल्या, त्यांच्या मुलांनी चेंडूला पाय लावला तेव्हा सासष्टीतल्या मुलांचे पणजोबा फुटबॉल खेळून गेले होते.

आकडेही पाहा. २०११ च्या जनगणनेत पेडणे तालुक्याची लोकसंख्या ७५ हजारांच्या आसपास, डिचोलीची ९८ हजारांच्या घरात. सासष्टीची २ लाख ९४ हजार, पेडण्याच्या जवळजवळ चौपट. तालुक्याच्या आतही तीच तफावत. पेडणे शहरातलं मोठं विद्यालय आणि एखाद्या आतल्या गावातलं, जिथे आठवी ते दहावीचे सगळे मुलगे मैदानावर आणले तर जेमतेम संघ उभा राहतो, अशी दोन्ही एकाच चिठ्ठीच्या डब्यात. डिचोलीत खाणींनी पैसा आणला, साखळीत १९९९ च्या सुमारास सेसा या खाण कंपनीची फुटबॉल अकादमी उभी राहिली, तालुक्यातल्या पोरांना शिकवलेला फुटबॉल जवळून पाहायला मिळाला. मग २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी बंद झाल्या आणि ट्रकवर जगणाऱ्या घरांत बुटांच्या जोडीचाही विचार करावा लागला. पेडण्यात मोपाचा विमानतळ आला, पण विमानतळ मुलांना मैदान देत नाही.

अशा विषम ठिकाणी समान नियम लावले की निकाल आधीच ठरलेला असतो. यावर अमेरिकेनं काढलेला उपाय म्हणजे पटसंख्येनुसार वर्ग. तिथल्या बहुतेक राज्यांत शालेय स्पर्धांत लहान शाळांचा विजेता वेगळा, मोठ्यांचा वेगळा, आणि टेक्सससारख्या राज्यात तर एकाच वर्गाचे पुन्हा दोन भाग करून दोन विजेते. इंडियाना राज्यानं बास्केटबॉलमध्ये हा बदल बराच काळ रोखून धरला, कारण १९५४ साली मिलान नावाच्या खेड्यातल्या, अवघी १६१ मुलं असलेल्या शाळेनं सगळ्या राज्याला हरवून अजिंक्यपद मिळवलं होतं. अखेर १९९७-९८ पासून तिथेही चार वर्ग झाले. त्यानंतर लहान शाळांना करंडक मिळू लागले, पण मिलानसारखी गोष्ट पुन्हा घडण्याची वाट बंद झाली.

मला तो उपाय आपल्याकडे नको वाटतो. पेडण्यासारख्या तालुक्यात शाळाच मोजक्या. पटावरून त्यांचे दोन भाग केले तर दोन्हीकडे मूठभर संघ उरतील. आणि पट लहान म्हणजे संघ कच्चा, हे कागदावर ठरवायचा अधिकार कुणालाच नाही. हरमल, मोरजी, मांद्रे या किनाऱ्यावरच्या गावांत वाळूवर अनवाणी खेळून तयार झालेले पाय मोठ्या शाळेला घाम फोडू शकतात. ती संधी हिरावून घेणं हा त्या मुलांवरचा अन्याय होईल.

वर्गवारी व्हावी, पण खेळून व्हावी. ही कल्पना आपल्या क्रिकेटनं स्वीकारली आहे. रणजी करंडकात वरचा गट आणि प्लेट गट असे दोन भाग, आणि प्लेटमध्ये चमकलेल्या संघाला वर चढण्याची वाट. गोवा स्वतः २०२४-२५ च्या हंगामात प्लेट गटात होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये पर्वरीच्या मैदानावर अरुणाचल प्रदेशाला ८४ धावांत गुंडाळून स्नेहल कवठणकर आणि कश्यप बखले यांनी ६०६ धावांची अभेद्य भागीदारी केली. दोघांचीही त्रिशतकं, गोव्याच्या २ बाद ७२७, विजय एक डाव आणि ५५१ धावांनी. विक्रम म्हणून तो सामना इतिहासात राहील. पण अरुणाचलच्या गोलंदाजांनी त्या दिवशी काय शिकावं, आणि गोव्याच्या फलंदाजांनी तरी काय? वर्गवारी नीट लागली नाही की जिंकणाराही उपाशी राहतो.

म्हणून तालुका पातळीसाठी माझं म्हणणं असं. सोळा शाळांचे चार-चारचे चार गट करावेत. प्रत्येक शाळा गटात तीन सामने खेळेल. गटातला पहिला चषकाच्या उपांत्य फेरीत, दुसरा प्लेटच्या उपांत्य फेरीत. एकूण तीस सामने, म्हणजे आताच्या दुप्पट. प्रत्येक मुलाला निदान तीनदा मैदानावर उतरायला मिळेल आणि तालुक्यात दोन अंतिम सामने होतील. चषकाचा विजेता पुढच्या पातळीवर जाईल, कारण वर एकच शाळा लागते. प्लेटचा विजेताही खराच विजेता असेल, त्याच्या नावाचा करंडक, त्याच्या नावाची बातमी, आणि पुढच्या वर्षी गट पाडताना वरचं मानांकन. दोन्ही अंतिम सामने शेवटपर्यंत खेळवले जातील, बरोबरी झाली तर टायब्रेकर. वाटून घेणं नाही.

तीस सामन्यांना दिवस कुठून आणायचे, हा प्रश्न रास्त आहे. पावसाळ्यात मैदानं वाहून जातात, घटक चाचण्या असतात, आतल्या गावांतून संघ आणायला बस लागते, पंच मिळत नाहीत. शाळांच्या मुख्याध्यापकांनी एवढ्या सामन्यांना नकार दिला तर मी त्यांना दोष देणार नाही. पण गट जवळच्या शाळांचे पाडले, पेडण्यात किनाऱ्याच्या शाळा एका बाजूला आणि धारगळ, कोरगावच्या बाजूच्या दुसरीकडे, तर प्रवास कमी होतो. गटाचे तीन सामने तीन शनिवारी, शाळेच्याच मैदानावर होऊ शकतात. मुलींच्या गटात, जिथे संघ कमी असतात, सरळ सगळ्यांनी सगळ्यांशी खेळावं.

तीन विजेते, चार विजेते करायला मात्र माझा विरोध आहे. प्रत्येक संघाला करंडक मिळाला की कुणालाच काही मिळालं नाही, हे मुलांना मोठ्यांच्या आधी कळतं. दोन पुरेत.

क्रीडा खात्यानं सगळ्या गोव्यात एकदम हे करावं असा माझा आग्रह नाही. पुढच्या पावसाळ्यात पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांत, सतरा वर्षांखालील एका गटापुरता हा प्रयोग करून पाहावा. क्रीडाशिक्षकांनी तालुक्याच्या बैठकीत ही मागणी मांडावी, आणि पालकांनी ती मांडणाऱ्या शिक्षकाच्या पाठीशी उभं राहावं.