फरारी

माझ्या टेबलाच्या खणात एका कादंबरीची अडीच प्रकरणे पडून आहेत. विषय भोपाळचा. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधली ती रात्र मी लिहिली. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातील टाकीत पाणी शिरले, मिथाइल आयसोसायनेट तापून उसळले आणि सुमारे ४० टन विष निजलेल्या झोपड्यांवर उतरले, हे लिहिताना लेखणी अडली नाही. अडली ती पुढे. कादंबरीला खलनायक लागतो आणि खलनायकाला चेहरा लागतो. मी चेहरा शोधू लागलो.

सर्वांना आठवतो तो वॉरन अँडरसन यांचा. अमेरिकेतील मूळ कंपनीचे हे अध्यक्ष ७ डिसेंबरला भोपाळात आले, त्यांना अटक झाली, जामीन मिळाला आणि त्याच दिवशी सरकारी विमानाने ते दिल्लीला गेले. भारतातील न्यायालयात ते पुढे कधीच उभे राहिले नाहीत. २०१४ साली, ९२ व्या वर्षी, ते अमेरिकेत वारले. तोवर आपण त्यांचे पुतळे जाळीत होतो. मला आता वाटते, त्या पुतळ्यांच्या धुरात दुसरा आरोपी दिसेनासा झाला. १९९२ साली भोपाळच्या न्यायालयाने फरारी ठरवले ते काही केवळ अँडरसन यांना नव्हे. खुद्द कंपनीलाही ठरवले.

ज्याला पाय नाहीत तो फरारी कसा होतो? मी चित्रकलेचा मास्तर. कायद्यातले मला कळत नाही. परंतु या प्रकरणाचे कागद चाळताना एक गोष्ट ध्यानात आली. कंपनी पळत नाही, ती फक्त वाटून जाते. नफ्याच्या वेळी ती एक असते, जबाब देण्याच्या वेळी अनेक होते. भोपाळच्या कंपनीत अमेरिकन कंपनीचा वाटा ५०.९ टक्के, म्हणजे मालकी तिची. पण अपघात होताच ती म्हणाली, ती वेगळी, मी वेगळी. १९८६ साली न्यूयॉर्कच्या न्यायाधीशांनी खटला भारतात पाठवला. तशी मागणी कंपनीचीच होती आणि भारतीय न्यायालयांचा अधिकार मान्य करण्याची अटही तिने पत्करली होती. फौजदारी समन्स निघाले तेव्हा मात्र ती आलीच नाही.

आपण तरी कुठे धुतल्या तांदळासारखे आहोत? पीडितांच्या वतीने बोलण्याचा हक्क सरकारने १९८५ च्या कायद्याने स्वतःकडे घेतला, ३३० कोटी डॉलर मागितले आणि १९८९ साली ४७ कोटींवर तडजोड केली. बहुतेक जखमींच्या हाती मूळ भरपाई म्हणून पडले ते २५,००० रुपये. त्या भारतीय कंपनीत सरकारी वित्तसंस्थांचेही भाग होते. आणि माझे वडील रात्री पाण्याच्या पाळीला जी बॅटरी घेऊन जात, तिच्यातले एव्हरेडीचे सेल त्याच कंपनीचे होते. त्या उजेडात आम्ही वाढलो.

२०१० साली सात भारतीय अधिकाऱ्यांना दोन-दोन वर्षांची शिक्षा झाली आणि लगेच जामीनही मिळाला. तोवर मूळ कंपनीच दुसऱ्या घरी नांदायला गेली होती. २००१ मध्ये ती डाऊ केमिकलने विकत घेतली. डाऊचे म्हणणे असे, की तो कारखाना आमचा कधीच नव्हता. आमच्या गावच्या तलाठ्यापुढे हे बोलून पाहावे! सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा असला, तर जमीन विकली म्हणून तो उतरत नाही. घेणारा बोजासकट घेतो.

इथे एक आडवा प्रश्न येतो. तो मला माझ्याच वर्गात भेटला. आठवीच्या खिडकीची काच फुटली. कोणी फोडली? सगळा वर्ग गप्प. मी सर्वांना दोन-दोन रुपये दंड केला. एक मुलगा उभा राहिला.

“सर, मी त्या दिवशी आलो नव्हतो.”

“कबड्डीची ढाल मिळाली तेव्हाही तू मैदानात नव्हतास,” मी म्हणालो. “फोटोत मात्र पहिल्या रांगेत आहेस.”

वर्ग हसला. पोरगा खाली बसला. परंतु माझ्या मनाला ते लागून राहिले. फोटोत उभे राहणे हा काही गुन्हा नव्हे. चार शेअर बाळगणाऱ्या निवृत्त कारकुनाने भोपाळात कोणाला मारले? संध्याकाळी घरी जाताना उमगले, की दंड पोरांच्या खिशावर नको होता, वर्गाच्या पेटीवर हवा होता. आनंदमेळाव्याच्या भेळेचा नफा जिच्यात जमतो, त्या पेटीवर. दुसऱ्या दिवशी मी सर्वांचे पैसे परत केले आणि पेटी उघडली. मुले कुरकुरली, पण ‘मी नव्हतो’ असे कोणीच म्हणाले नाही.

पेटी उघडून माणसे परत येत नाहीत, हे खरेच. आरोपीच्या पिंजऱ्यात कोणी उभे राहायचे हा प्रश्नही सुटत नाही. पण भोपाळात ती पेटीदेखील पुरती उघडली नाही. भरपाई वाढवून मागणारा सरकारचा अर्ज २०२३ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. कारखान्यातला ३३७ टन विषारी कचरा चाळीस वर्षे तिथेच पडून होता. तो हलवण्या-जाळण्याचा खर्च भरला आपल्याच सरकारने.

१ जानेवारी २०२५ च्या रात्री बारा कंटेनर पोलीस बंदोबस्तात भोपाळहून पिथमपूरकडे निघाले. कादंबरीचे अर्धे राहिलेले तिसरे प्रकरण मी फाडले आणि त्या बारा कंटेनरांपासून पुन्हा सुरू केले. वीसेक पाने झाली आहेत.